मूल एकटं येत नाही: बालरुग्णालयातल्या संशोधन विभागात नव्याने रुजू होताना

आमच्याकडे नवीन कोऑर्डिनेटर रुजू झाली की पहिल्या दिवशी मी तिला प्रोटोकॉलची, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्याची, फाइल देत नाही. लसीकरणाच्या ओपीडीबाहेर बाकावर बसवते, हातात वही देते आणि सांगते, दुपारपर्यंत येणाऱ्या प्रत्येक बाळाबरोबर कोण कोण आलंय तेवढं लिही. एक वाजता ती वही घेऊन येते. आई आणि आईची आई. आई एकटी, रिक्षाने. आजी आणि आत्या. आई घरी, मोठ्याची शाळा सुटायची वेळ. आई-बाबा दोघं, पण बाबा खाली गाडीपाशी, पार्किंग मिळालं नाही म्हणून. मामा एकटाच, कडेवर बाळ, खांद्याला बाळाची पिशवी.

मग मी विचारते, यातल्या कुणाकुणाची सही संमतीपत्रावर चालेल? आमचं प्रशिक्षण इथून सुरू होतं.

संशोधनाच्या कागदाला एक नाव, एक सही आणि एक तारीख लागते. बाळ मात्र अख्खं घर घेऊन येतं. इतक्या वर्षांत मी पाहिलेल्या आणि केलेल्या बहुतेक चुका या दोहोंच्या सांध्यात झाल्या आहेत. औषधशास्त्र न कळल्यामुळे झालेल्या फार थोड्या. नर्सिंग, फार्मसी, बीएचएमएस नाहीतर मायक्रोबायॉलॉजी करून पुण्यातल्या एखाद्या बालरुग्णालयात रिसर्चला लागला असाल, तर पहिल्या काही महिन्यांत काय क्रमाने शिकायचं ते इथे सांगते आहे.

आधी थोडं गावाविषयी

पुण्यात हे काम नवं नाही. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या ६ गावांतल्या बायकांची मोजमापं घ्यायला सुरुवात केली, तीही त्या गरोदर राहण्याच्या आधीपासून. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची निघाली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा ती जवळजवळ ८०० ग्रॅमनी हलकी होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगापुढे मांडलेलं ‘बारीक तरीही लठ्ठ’ बाळ ते हेच. रोटाव्हॅक या रोटाव्हायरसच्या जुलाबांवरच्या भारतीय लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि पुणे अशा तीन ठिकाणी झाली. ६,७९९ बाळं होती आणि पुण्याचं काम केईएमच्या वढूच्या केंद्रातून चाललं. आज सरकारी लसीकरणात बाळाच्या तोंडात जे रोटाचे थेंब पडतात, त्यांच्यामागे हा इतिहास आहे. एचआयव्ही असलेल्या आईच्या अंगावर पिणाऱ्या बाळाला नेव्हिरॅपिन हे एचआयव्ही रोखणारं औषध एकदाच द्यावं की ६ आठवडे, याचा तीन देशांतला अभ्यास झाला, त्यात ससून आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय होतं.

हे फुशारकीसाठी सांगत नाही. २.७ हा आकडा कुणीतरी रडणारं बाळ काट्यावर सांभाळत, एका हातात पेन धरून लिहिलेला आहे. ते कुणीतरी म्हणजे आता तुम्ही.

खुर्चीत बसण्याआधीचे कागद

हा भाग रुक्ष आहे, तेव्हा झटपट उरकू. जीसीपीचं, म्हणजे ट्रायल नीट चालवण्याच्या नियमांचं, प्रमाणपत्र काढा. ऑनलाइन मिळतं, पण ते मिळालं म्हणजे काम येतं असं समजू नका. स्वतःच्या बायोडेटावर सही-तारीख करून साइट फाइलमध्ये लावा. डेलिगेशन लॉगवर तुमचं नाव, तुम्हाला दिलेलं काम आणि पीआयची म्हणजे प्रमुख संशोधक डॉक्टरांची सही झाल्याशिवाय ट्रायलमधल्या बाळाला हात लावू नका. साधं वजनही करू नका. ‘आज जरा मदत कर गं’ म्हणून केलेलं काम मॉनिटर, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या प्रायोजकाचा तपासनीस, आला की बरोबर वर येतं.

कायदा म्हणजे ‘नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९’. त्याच्या जोडीला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची दोन मार्गदर्शक तत्त्वं, एक सर्वसाधारण आणि एक खास मुलांवरच्या संशोधनासाठी. दुसरं छोटं आहे, आधी तेच वाचा. अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान ७ सदस्य असतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि अध्यक्षही बाहेरचाच. त्यात एक सामान्य माणूस बसतो, वैद्यकाशी संबंध नसलेला. त्या माणसाला संमतीपत्र समजलं नाही तर ते पालकांनाही समजणार नाही, म्हणून त्याच्या शंकांना हसू नका. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिलं बाळ घेण्याआधी ती सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत चढलेली असली पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही.

हात बसवणं

बीएलएस, म्हणजे जीव वाचवायच्या प्राथमिक उपचारांचं प्रशिक्षण, सगळ्यांना हवं. सिस्टर असाल तर पीएएलएस, म्हणजे मुलांसाठीचं त्यापुढचं प्रशिक्षण, आणि नवजात बाळांचा अभ्यास असेल तर एनआरपी, म्हणजे नवजात बाळाचा श्वास सुरू करायचं प्रशिक्षण. पण बाहुलीवर घेतलेलं प्रमाणपत्र एकीकडे आणि आपल्याच ओपीडीतली कपाटं, आपलाच ऑक्सिजन सिलिंडर, त्याची कुठे ठेवली ते न सापडणारी चावी दुसरीकडे. म्हणून आम्ही महिन्यातून एकदा न सांगता ड्रिल करतो. मी बाहुली टेबलावर ठेवते आणि म्हणते, लस देऊन ७ मिनिटं झाली, ओठ सुजलेत, श्वासाला घरघर आहे, वजन १० किलो. ॲड्रेनालिन काढा.

हा तीव्र ॲलर्जीचा झटका. त्यावर १:१००० चं ॲड्रेनालिन, किलोला ०.०१ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. १० किलोला ०.१ मिली. ऐकायला सोपं आहे. हातात ५ मिलीची सिरिंज असेल तर ०.१ मिली दिसतच नाही. म्हणून ट्रेमध्ये १ मिलीच्या सिरिंज वेगळ्या लागतात, आणि त्या आहेत ना हे रोज सकाळी बघून चेकलिस्टवर सही करायची. लसीनंतरची ३० मिनिटं थांबवायची ती याचसाठी. बस चुकतेय म्हणून कुणी विसाव्या मिनिटाला उठलं तर ‘ताई, दहाच मिनिटं’ असं म्हणून परत बसवायचं धैर्य तुमच्यात पाहिजे.

मुलांमध्ये दशांश चिन्ह फार घात करतं. ताप उतरवायच्या पॅरासिटामॉलचंच बघा. १० किलोच्या मुलाला किलोला १५ मिलिग्रॅम धरले तर १५० मिलिग्रॅम. सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं असेल तर सव्वासहा मिली. ५ मिलीत २५० चं असेल तर ३ मिली. मिलीला १०० मिलिग्रॅमचे थेंब असतील तर दीड मिली. आता समजा, आईला तुम्ही सहा मिली सांगितलं आणि मेडिकलवाल्याने थेंबांची बाटली दिली. बाळाच्या पोटात चौपट औषध गेलं. म्हणून फक्त मिलीत कधीच सांगायचं नाही. बाटली हातात घेऊन, तिच्यावरचा आकडा आईला दाखवून, तोंडी औषधाच्या सिरिंजवर पेनाने खूण करून द्यायची. चमचा तर विसराच. प्रत्येक घरातला चमचा वेगळा.

बाळाचं नाव

पहिल्या आठवड्यात बाळाला नाव नसतं. केस पेपरवर ‘बेबी ऑफ’ आणि आईचं नाव. बाराव्या दिवशी किंवा सवडीने बारसं होतं, पुढच्या व्हिजिटला बाळ विहान किंवा ईश्वरी होऊन येतं. जन्मदाखल्यावर आणखी एक नाव आणि घरात हाक मारायचं तिसरंच. आईचंही तसंच. प्रसूतीच्या कागदावर आधारप्रमाणे माहेरचं आडनाव, लसीच्या कार्डावर सासरचं. ही सगळी माणसं एकच आहेत हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. म्हणून पहिल्या भेटीतच माता-बाल संरक्षण कार्ड आणि ओळखपत्र यांच्या प्रती घ्या. अभ्यासाचा क्रमांक हीच बाळाची खरी ओळख माना, आणि नाव बदललं की ज्या तारखेला कळलं त्या तारखेची नोंद करा. जुनं नाव खोडू नका.

जुळ्यांची चूक माझ्या स्वतःच्या हातून झाली आहे. आजी एकेका बाळाला आत आणत होत्या, आई बाहेर दुसऱ्याला पाजत होती. मी पहिल्याचं वजन दुसऱ्याच्या कागदावर लिहिलं. पुढच्या महिन्यात एका बाळाचं वजन ३०० ग्रॅमनी घटलेलं दिसलं आणि दुसऱ्याचं अवाच्या सवा वाढलेलं, तेव्हा उमगलं. मी म्हटलं, आजी, तुम्ही कसं ओळखता? त्या म्हणाल्या, “थोरल्याच्या पायात काळा दोरा आहे ना.” दोऱ्यावर विसंबून राहू नका, धाकट्याला सर्दी झाली की दोरा तिकडे जातो. जुळी असली की आईला स्वतः आत बोलवा, मनगटाला क्रमांकाची पट्टी बांधा आणि दोघांच्या फाइली एकाच टेबलावर एकदम उघडू नका.

संमती: इथे घाई नाही

पहिल्या दिवशीच्या वहीकडे परत जाऊ. सही आईची किंवा वडिलांची. दोघं नसतील तर कायदेशीर पालकाची. आजीची नाही, आत्याची नाही, बाळाला पोटच्या पोरासारखं सांभाळणाऱ्या मामाचीही नाही. जोखीम किरकोळ असेल किंवा बाळाला थेट फायदा होण्यासारखा असेल तर एका पालकाची संमती आयसीएमआरला पुरते. त्यापलीकडे दोघांची लागते. तुमच्या अभ्यासाला कोणतं लागू आहे ते एथिक्स कमिटीच्या मंजुरीपत्रात बघा, शेजारच्या ट्रायलवाल्या मैत्रिणीला विचारू नका.

पण ज्यांची सही चालत नाही त्यांना बाहेर बसवायचं असा याचा अर्थ नाही. निर्णय त्यांच्याच तोंडून होणार असतो. आजींना आत घ्या, खुर्ची द्या. त्या पहिला प्रश्न विचारतात तो बहुधा सगळ्यांत चांगला असतो.

“रक्त किती काढणार?”

“अर्धा चमचा, आजी.”

“कुठला चमचा?”

आमच्याकडे यासाठी रंगीत पाणी भरलेली छोटी ट्यूब ठेवलेली असते. ती हातात दिली की आजी उजेडाकडे धरून बघतात, मग सुनेकडे बघतात. आणि आता सांगते ते पक्कं लक्षात ठेवा: आजींचं समाधान झालं म्हणजे आईची संमती झाली असं नाही. आजींचं झालं की आईशी वेगळं, शांतपणे बोला. ‘सासूबाईंसमोर नाही म्हणता येत नव्हतं’ हे मी तीन महिन्यांनी ऐकलेलं आहे.

“डॉक्टर म्हणतायत ना, मग टाका करून.” हे वाक्य कानावर पडलं की पेन खाली ठेवायचं. आईला वाटतंय की डॉक्टरांनी तिच्या बाळासाठी सर्वांत चांगलं निवडलंय. तसं नाही हे तिला कळलं पाहिजे. आम्ही सांगतो, “दोन प्रकारच्या लसी आहेत. कुठली द्यायची ते डॉक्टर ठरवत नाहीत. कॉम्प्युटर चिठ्ठी काढतो, आणि कुठली निघाली ते डॉक्टरांनाही माहीत नसतं.” मग ‘समजलं का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी हो असतं. विचारा, “घरी गेल्यावर बाळाच्या बाबांना काय सांगाल?” ती म्हणाली, “सांगेन की मोठ्या डॉक्टरांनी स्पेशल डोस दिलाय,” तर पुन्हा पहिल्यापासून. ती म्हणाली, “दोनातली कुठली ते सांगत नाहीत, नको वाटलं तर मध्येच सोडता येतं, आपली नेहमीची लस चालूच राहते,” तर पेन द्या.

माझा स्वतःचा रिवाज असा की तातडीचा आजार नसेल तर त्याच दिवशी सही घेत नाही. माहितीपत्रक घरी नेऊ देते. वरिष्ठांना हे आवडत नाही, कारण निम्मी कुटुंबं परत येत नाहीत. पण जी येतात ती शेवटच्या व्हिजिटपर्यंत टिकतात.

आईला वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार लागतो, तोही पहिल्या वाक्यापासून शेजारी बसलेला. शेवटच्या दोन मिनिटांत कॉरिडॉरमधून ओढून आणलेल्या माणसाची सही ही साक्ष नव्हे. तारीख आणि वेळ ज्याची सही त्यानेच स्वतःच्या हाताने घालायची. मराठी संमतीपत्राची जी आवृत्ती एथिक्स कमिटीने मंजूर केली तीच वापरायची. तळाशी आवृत्तीचा क्रमांक असतो, तो दर वेळी बघायचा. नव्या रासायनिक रेणूची ट्रायल असेल तर मुलांसारख्या असुरक्षित गटात संमतीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचं आहे. चित्रीकरण चालू आहे म्हणून आई परीक्षेला बसल्यासारखी बोलते. आधी पाणी द्या. आणि सह्या झालेली प्रत घरी द्यायला विसरू नका.

सात वर्षांच्या पुढे मुलाला स्वतःला विचारायचं. ७ ते ११ मध्ये तोंडी, १२ पासून १८ पर्यंत लेखी. याला असेंट म्हणतात. नऊ वर्षांच्या मुलासमोर खाली बसून सांगा, “एकदा सुई टोचणार, दुखेल. नको असेल तर नको म्हण, कुणी रागावणार नाही.” तो बाबांकडे बघेल. बाबा म्हणतील, “तो काय, नाहीच म्हणणार, तुम्ही घ्या.” अशा वेळी घ्यायचं नसतं. नकार लिहायचा, मुलाला थँक्यू म्हणायचं आणि दार उघडून द्यायचं. अभ्यास चालू असताना मूल १८ चं झालं तर त्याची स्वतःची संमती नव्याने घ्या. वाढदिवसाची तारीख आधीच कॅलेंडरवर टाकून ठेवा, नाहीतर ती हमखास निसटते.

काटा, फूटपट्टी, सुई

वजन उघड्या बाळाचं. लंगोट किंवा डायपर काढून, काटा शून्यावर आणून. पायातले चांदीचे वाळे, हातातल्या मनगट्या काढायला सांगा, पण दागिना स्वतःच्या हातात घेऊ नका. आईच्या ओंजळीत जाऊ दे. काळा दोरा काढायला लावू नका, त्याला वजन नसतं आणि तो काढल्याने आजींचा तुमच्यावरचा विश्वास मात्र उडतो. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं ठेवून लांबी मोजायची, त्यापुढचं उभं करून उंची. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला उभंच मोजावं लागलं तर त्यात ०.७ सेंटिमीटर मिळवायचे, आणि तसं मोजलं हेही लिहायचं.

रक्त किती काढता येतं याचा हिशोब स्वतः करता आला पाहिजे. बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिली रक्त. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनासाठी एका वेळी त्याच्या १ टक्क्याच्या आत आणि ४ आठवड्यांत मिळून ३ टक्क्यांच्या आत राहायचं. ४ किलोचं बाळ म्हणजे ३२० मिली. एका वेळी ३.२ मिली, महिन्याभरात ९.६. आता याच बाळाला मध्ये कावीळ झाली आणि वॉर्डात तीनदा रक्त गेलं तर? ते वेगळ्या फाइलवर आहे, पण अंगातून गेलंय ते त्याच. म्हणून सुई हातात घेण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरना फोन करायचा.

टोचताना बाळाला अंगावर पाजायला सांगा, रडणं खरंच कमी होतं. बधिर करणारं मलम वापरणार असाल तर ते तासभर आधी लावावं लागतं, दारात आल्यावर नाही. आणि दोनदा प्रयत्न करूनही शीर सापडली नाही तर थांबा. तिसरा प्रयत्न तुमच्या अभिमानासाठी असतो.

सगळं त्याच क्षणी लिहायचं. चिटोऱ्यावर, हातमोज्यावर, तळहातावर नाही. चुकलं तर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा, आद्याक्षरं, तारीख. व्हाइटनर या विभागात आणूच नका. आमच्याकडे तो ड्रॉवरमध्ये सापडला तरी चहा पाजावा लागतो सगळ्यांना.

घरी काय घडतं ते कसं विचारायचं

“बाळाला दुसरं काही औषध देता का?” उत्तर येतं, “नाही.” कारण बाळगुटी हे औषध नव्हे. ग्राइप वॉटरही नव्हे. म्हणून नावं घेऊन विचारा: गुटी उगाळता का, त्यात काय काय असतं, घसा करताना मध लावलात का, मेडिकलमधून काही आणलंत का. विचारताना कपाळाला आठी नको. तुम्ही एकदा नाक मुरडलंत की पुढच्या वेळी गुटी चालूच राहील, फक्त तुम्हाला कळणार नाही.

तसंच जुलाबांचं. “दात येतायत, तेवढं होतंच.” आईच्या लेखी तो आजार नाही, आपल्या लेखी ती नोंद आहे. “आजारी होतं का?” असं न विचारता “काल शी किती वेळा, कशी?” असं विचारा. ताप म्हणजे थर्मामीटरवरचा आकडा. ‘अंग कोमट’, ‘कणकण’, ‘बारीक ताप’ हे आईचे शब्द शेरा म्हणून जसेच्या तसे लिहा, आकड्याच्या जागी नको.

डायरी कार्ड सात दिवसांचं देतो आपण. परत येतं तेव्हा सातही दिवस एकाच पेनाने, एकाच तिरकस अक्षरात भरलेले असतील, तर ते आदल्या रात्री भरलंय. आईला ओरडू नका, तिला दोन पोरं, सासरे आणि डबे आहेत. आम्ही रोज संध्याकाळी सहाला फोन करतो. तीन मिनिटं लागतात. औषधाच्या उरलेल्या बाटल्या परत मागवायच्या हेही पहिल्याच दिवशी सांगा. एका घरातून आमची बाटली घासूनपुसून, खोबरेल तेल भरून आली होती.

चोवीस तास

मृत्यू, जिवावरचा धोका, ॲडमिट व्हावं लागणं किंवा मुक्काम लांबणं, कायमचं व्यंग: यातलं काहीही झालं की तो एसएई, म्हणजे गंभीर प्रतिकूल घटना. कारण काय होतं, आपल्या औषधाचा संबंध होता का, हा प्रश्न नंतरचा. डेंग्यू होऊन ॲडमिट झालेलं बाळ आपल्या लसीमुळे आजारी पडलेलं नसेल, तरीही तो एसएईच. घडल्यापासून २४ तासांत संशोधकाने केंद्रीय औषध नियंत्रण संस्था, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी या तिघांना कळवायचं. उशीर झाला तर कारण लेखी द्यायचं. सविस्तर विश्लेषणाला १४ दिवस.

मी एकदा ११ दिवस उशिरा कळवलं आहे. बाळाला जुलाब झाले, घराजवळच्या नर्सिंग होममध्ये दोन दिवस सलाइन लागलं, घरी गेलं, बरं झालं. आईने पुढच्या व्हिजिटला सहज सांगितलं. मी विचारलं, फोन का नाही केलात? ती म्हणाली, “तुम्हीच म्हणाला होतात, औषधाचा त्रास झाला तर फोन करा. हे तर पाण्यामुळे झालं.” तिचं काही चुकलं नव्हतं, माझं वाक्य चुकलं होतं. तेव्हापासून आम्ही असं सांगतो: “कशामुळेही, कुठेही, एका रात्रीसाठी जरी ॲडमिट केलं, तरी ॲडमिट करतानाच फोन करा. खर्चाचं आपण बोलू.” शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. ट्रायलमुळे इजा झाली असेल तर उपचार मोफत देणं नियमातच आहे, आणि पुष्कळदा लोक फोन करत नाहीत ते बिलाच्या भीतीने.

तारखा आणि कॅलेंडर

प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं, व्हिजिट २८ व्या दिवशी, तीन दिवस पुढेमागे. प्रोटोकॉल लिहिणाऱ्याला वारी माहीत नसते. ज्येष्ठ-आषाढात दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेकडचे रस्ते बंद. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोड बंद, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या दिवशी शिरूरहून एसटीने लेकरू घेऊन कुणी येणार नाही. म्हणून बाळाची नोंदणी करतानाच पुढच्या सगळ्या व्हिजिट कालनिर्णयावर पेन्सिलने मांडा आणि कुठे अडतंय ते बघा. अडत असेल तर विंडो, म्हणजे ती पुढेमागे चालणारी मुदत, उघडते त्या पहिल्याच दिवशी बोलवा.

याहून मोठी गळती माहेरची. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आई पुण्यात माहेरी आलेली असते, तुम्ही तिला अभ्यासात घेता आणि दोन-तीन महिन्यांनी ती बाळाला घेऊन सासरी जाते, सांगलीला नाहीतर परभणीला. तिने फसवलेलं नसतं, तुम्ही विचारलेलं नसतं. पहिल्याच भेटीत विचारा, “घरी कधी जाणार?” घरी म्हणजे सासरी, हे तिला कळतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं तसंच. दसऱ्या-दिवाळीनंतर गेली की उन्हाळ्याच्या तोंडाला परत. नंबर तीन घ्या, त्यात एक शेजारणीचा. प्रवासखर्च जेवढा एथिक्स कमिटीने मंजूर केलाय तेवढाच द्या, आणि त्याच दिवशी हातात द्या. पुढच्या महिन्यात बँकेत जमा होईल असं सांगितलेलं कुणाला आवडत नाही.

आणि गुरुवार. देखभालीसाठी वीज जाते ती बहुतेक गुरुवारीच. लसीचा फ्रिज २ ते ८ अंशांत राहिला पाहिजे. बुधवारी संध्याकाळी जनरेटरचं डिझेल बघा, महावितरणचा मेसेज बघा. तापमान वर गेलंच तर लस फेकू नका आणि वापरूही नका. वेगळी ठेवा, ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावा आणि प्रायोजकाला कळवा. ठरवणारे ते, तुम्ही नाही.

शेवटची व्हिजिट

या दिवशी सगळ्यांना घाई असते, मॉनिटरला तर सर्वांत जास्त. फॉर्म भरून झाले की बाळाला तसंच जाऊ देऊ नका. अभ्यासादरम्यान केलेल्या तपासण्यांचे रिपोर्ट पालकांना द्या. माता-बाल कार्डावर राहिलेली सरकारी लस कुठली ते बघा, तारीख लिहून द्या. अभ्यास संपला तरी तोच फोन नंबर चालू राहील हे सांगा, आणि तो खरंच चालू ठेवा. मागच्या वर्षी एका जुन्या आईचा रात्री फोन आला. अभ्यास संपून चार वर्षं झाली होती. मधल्या काळात दुसरं बाळ झालं होतं, ते आता १० किलोचं होतं, त्याला ताप होता आणि हातात थेंबांची बाटली होती. ती म्हणाली, “मॅडम, बाटलीवरचा आकडा वाचते, तुम्ही मिली सांगा.”